व्यायामानंतरच्या थकव्यावर डाळ्यांचे पेय

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात व्यायामानंतर अंग गळून जाते आणि डब्यातली प्रोटीन पावडर प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही.

१. चिवड्यात घालतो ते डाळे मिक्सरमध्ये बारीक करून, चाळून हवाबंद डब्यात भरावे.
२. व्यायाम संपताच आधी मीठ घातलेले लिंबूपाणी प्यावे, कारण घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते.
३. तासाभरात ४० ग्रॅम पीठ थोड्या दुधात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग एकूण २५० मिली होईल इतके दूध आणि अर्धापूरकडचे एखादे पिकलेले केळे घालून घुसळावे. यातून सुमारे १६ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि केळ्यामुळे साखर लागत नाही.

रात्रीची पुरेशी झोप मात्र कोणत्याही पेयाने भरून निघत नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.