भिंत पडली कशी, ते आधी ठरवा

वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळासाठी, मी बनवलेली पहिली छोटी पडकी घरं उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसायची. कटर घेऊन भिंतीची वरची कड वेडीवाकडी कापायची, राखाडी रंग मारायचा, झालं पडकं घर! विटांची भिंत तशी तुटतच नाही, हे कळायला मला चार घरं वाया घालवावी लागली.

आता कटर हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवते: या घराचं नेमकं काय झालं? तोफगोळा लागला असेल तर एका ठिकाणी भगदाड आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना राडारोडा. आग लागली असेल तर भिंती बऱ्याचशा शाबूत, पण छप्पर आणि लाकडी मजले गेलेले, खिडक्यांच्या वर काजळी. घर नुसतंच बेवारस पडलं असेल तर ओल जमिनीतून चढते, म्हणून गिलावा खालून सुटतो. तिन्ही खुणा एकाच भिंतीवर घातल्या की काहीच पटत नाही.

मग माप. 28 मिमीच्या मिनिएचरसाठी (खेळातल्या छोट्या सैनिकासाठी) मी 1/56 प्रमाण धरते, म्हणजे खऱ्या मापाचा छप्पन्नावा भाग. साधारण 22 सेंमी लांबीची वीट या प्रमाणात 4 मिमीच्या आसपास येते आणि सांध्यासकट एक थर जेमतेम 1.3 मिमीचा. एवढं बारीक कोरायला डोळे लागतात, म्हणून मी थर दीड मिमीचा करते. कुणी मोजत बसत नाही. भिंतीला 5 मिमी जाडीचा एक्सपीएस फोम (घट्ट, बारीक पोताचा थर्माकोलसारखा फोम) पुरतो. बोथट पेन्सिलीने थरांच्या रेघा दाबून घ्या, उभे सांधे एकाआड एक थरात सरकवा, आणि चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा पृष्ठभागावर हलका दाबत फिरवा. फोमचा गुळगुळीतपणा तिथेच संपतो.

तुटलेली कड कापताना सांध्यांच्या रेघेवरूनच जायचं, म्हणजे पायऱ्या पडत जातात. मध्येच एखादी अर्धी वीट बाहेर ठेवा, एखादी उपसून काढा. कोपरे उंच राहू द्या; दोन भिंती एकमेकींना धरून असतात, त्यामुळे ते बहुधा शेवटी पडतात. खिडकीच्या वरचा भाग कमकुवत असतो. तडाही खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघतो. भगदाड मात्र मी कापत नाही. मागून अर्ध्या जाडीपर्यंत काप देते आणि बोटांनी मोडते. त्या मोडीची खडबड सुरीने येत नाही.

गिलाव्यासाठी भिंतीत भरायची तयार लांबी (पुट्टी) पातळ पसरा, जेमतेम अर्धा मिमी. ती अर्धवट सुकली की सुरीच्या टोकाने पोपडे उचला, खालच्या विटा उघड्या पडतात. गोळ्यांच्या खुणा हातड्रिलने करा, पण नुसती भोकं नकोत: भोवती उथळ बशीसारखा टवका उडालेला हवा. आणि त्या खुणा खिडक्या-दारांभोवती गोळा करा. नेम माणसावर धरलेला असतो, कोऱ्या भिंतीवर कोण कशाला गोळ्या फुकट घालवेल?

राडारोडा हा माझा आवडता भाग. प्लास्टर ऑफ पॅरिस प्लास्टिकच्या कागदावर 3 मिमी जाड ओता, वाळू द्या, हातोडीने फोडा. फोमच्या सुट्या विटाही भरपूर कापून ठेवा. आधी मोठे तुकडे, मग विटा, शेवटी चाळलेली वाळू; त्यावर पाणी मिसळलेला पीव्हीए गोंद (लाकूडकामाचा पांढरा गोंद) ड्रॉपरने सोडा. गोंदात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की तो फटींत शिरतो, नाहीतर वर मोत्यांसारखा बसून राहतो. भिंतीतून जेवढं गेलंय, साधारण तेवढं खाली दिसलं पाहिजे. मोठं भगदाड आणि खाली स्वच्छ जमीन, ही चूक मला अजून सगळीकडे दिसते. ढिगाचा उतार साधारण 35 अंशांचा ठेवा. मात्र मध्ये सैनिकाच्या 25 मिमीच्या बेसला (पायाखालच्या चकतीला) उभं राहायला सपाट जागा सोडा, नाहीतर खेळताना सैनिक गडगडत राहतील.

लोखंडी गज फक्त काँक्रीटमधून बाहेर काढायचे, साध्या विटांच्या घरातून नाही. 16 मिमीचा गज या प्रमाणात 0.3 मिमीच्या तारेएवढा होतो. जाड तार लावली की पाइप वाटतो.

रंगाआधी फोमवर पीव्हीए आणि काळ्या ॲक्रिलिकच्या मिश्रणाचे दोन हात द्या. मी एकदा घाईत थेट स्प्रे मारला आणि त्यातल्या द्रावकाने फोम डोळ्यांदेखत वितळला. नुकसान अगदी अस्सल झालं, पण ते घर टाकूनच द्यावं लागलं. कोपरे आणि फटी तर दोनदा तपासा. स्प्रे बरोबर तिथेच शिरतो.

जुन्या विटेचा दर्शनी भाग मळलेला असतो, ताजी मोड उजळ. म्हणून तुटलेल्या कडांवर मूळ रंगात थोडा फिका नारिंगी मिसळून ड्रायब्रश करा, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून हलका फिरवा. आधी सगळीकडे गडद तपकिरी वॉश (फटींत उतरणारा पातळ रंग), ड्रायब्रश तो वाळल्यावरच. लोखंडी दारावर स्पंजच्या फाटक्या तुकड्याने कडांना गडद तपकिरी टवके द्या. गंजाचे ओघळ मात्र वरून खाली. काजळी उलटी, खिडकीच्या वरच्या कडेपासून वर पसरत विरत जाणारी. काळ्या पिगमेंटमध्ये (रंगाच्या कोरड्या पुडीत) थोडं तपकिरी घाला, नुसतं काळं शाई सांडल्यासारखं दिसतं.

मॅट व्हार्निश पिगमेंटच्या आधी मारा. नंतर मारलं तर धूळ आणि काजळी निम्मी गायब होते. वर टाकलेलं पिगमेंट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एक-दोन थेंबांनी बसवा, आणि घर उचलताना ते नेहमी बेसला धरा. काजळीवर बोटांचे ठसे उमटतात, ते पुसायला गेलं की आणखी पसरतात.