फॉकनरचं पहिलं पान कसं वाचावं

अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) ही कादंबरी मी दोनदा पाचसहा पानांत मिटून ठेवली. दोन्ही वेळा अर्थ शोधायची घाई नडली. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो.

आधी फक्त काय दिसतंय ते बघा. कुंपणापलीकडे काही माणसं 'मारताहेत'. काय मारताहेत, ते सांगितलेलं नाही. झेंडा काढतात, मारतात, झेंडा परत लावतात. क्रियापदांखाली रेघा ओढा, मग उलगडतं: हे गोल्फ आहे, पण सांगणाऱ्याकडे तो शब्दच नाही.

मग विचारा, असं बघणारा आहे कोण? त्याचं वय तो स्वतः सांगत नाही. त्याला सांभाळणारा लस्टर त्याच्यावर खेकसतो, तेव्हा कळतं की गडी तेहतीस वर्षांचा आहे. हा बेंजी. त्याला बोलता येत नाही, कार्यकारणही कळत नाही.

आता पान मोठ्याने वाचा. पलीकडून कुणीतरी 'कॅडी' अशी हाक मारतं आणि बेंजी विव्हळायला लागतो. गोल्फचं सामान वाहणारा पोऱ्या तो कॅडी, आणि बेंजीची जिवापाड माया असलेली, घरातून गेलेली बहीण तीही कॅडी. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचणारा फसतो. देवनागरीत ही सोय आयतीच! (ते मैदान एकेकाळी बेंजीच्या घरचंच कुरण होतं, भावाच्या हार्वर्डच्या शिक्षणासाठी विकलं. पण हे पुढे कळतं, आत्ता अडून बसू नका.)

खरी गोची काळाची. कुंपणातून जाताना बेंजीचे कपडे खिळ्यात अडकतात. लस्टर चिडतो, आणि पुढच्याच वाक्यात कॅडी बेंजीला सोडवते. तिथे अक्षरं तिरकी होतात, म्हणजे आपण कित्येक वर्षं मागे गेलो. फॉकनरला हे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापायचे होते. तशी आवृत्ती निघाली थेट २०१२ मध्ये. ती हाताशी नसेल तर पानाचा समास आपलाच. सांभाळणारा वर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर पौगंडावस्था, लस्टर असेल तर १९२८, म्हणजे कथेतला 'आज'. दर उडीपाशी नाव लिहून ठेवा. तिरका ठसा दरवेळी मदतीला येत नाही.

नावही सापडलं नाही तर हवा बघा. पुस्तक एप्रिलच्या उन्हात सुरू होतं, आणि खिळ्यानंतर थोड्याच ओळींत कॅडी म्हणते, हात खिशात ठेव, गारठतील, नाताळ आलाय. समासात 'हिवाळा' लिहा आणि पुढे चला.