कार्डांमधला थेट डीएमए अडतोय? पत्त्यांच्या या चुका टाळा

फोंडा-वेर्णा पट्ट्यात एम्बेडेडचं काम करणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली: ‘आमच्याकडे चालतं, गिऱ्हाइकाकडे चालत नाही.’ एफपीजीए (हवं तसं सर्किट बसवता येणारी चिप) कार्डावरचा डेटा रॅममध्ये न उतरवता थेट एनव्हीएमई ड्राइव्हकडे (वेगवान एसएसडीकडे) न्यायचा असतो; सीपीयूला मध्ये न घेता होणारी ही ने-आण म्हणजे डीएमए. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, पण सर्व्हर बदलला की कर्नल लॉगमध्ये फॉल्टची रांग. मग कार्डावर खापर फुटतं. बहुतेक वेळा कार्ड निर्दोष असतं. ड्रायव्हरने भलताच पत्ता दिलेला असतो आणि जुन्या मशीनवर आयओएमएमयू (डिव्हाइसने वापरलेले पत्ते तपासून बदलणारं हार्डवेअर) बंद असल्यामुळे तो खपून गेलेला असतो.

पत्ता स्वतः काढणे

एकाच बफरला कर्नलचा व्हर्च्युअल पत्ता असतो, सीपीयूचा फिजिकल असतो आणि डिव्हाइसला दिसणारा डीएमए पत्ता वेगळा असतो. साध्या एक्स८६ मशीनवर आयओएमएमयू नसेल तर शेवटचे दोन सारखेच येतात, म्हणून फिजिकल पत्ता रजिस्टरमध्ये लिहिला तरी निभावतं. आयओएमएमयू चालू झाला की निभावत नाही. ‘डीएमए_मॅप_सिंगल’ हे कर्नलचं फंक्शन देईल तोच पत्ता लिहायचा, आणि आधी ‘डीएमए_मॅपिंग_एरर’ने तपासायचा. शून्याशी तुलना करून उपयोग नाही. शून्य हाही वैध डीएमए पत्ता असू शकतो.

दुसऱ्या कार्डाच्या बारचा (कार्डाने बाहेर उघडी केलेल्या मेमरीचा) पत्ता उचलून देणं तर त्याहून वाईट. सीपीयूला दिसणारा बारचा पत्ता आणि पीसीआय बसवरचा (कार्डं जोडणाऱ्या मार्गावरचा) पत्ता काही मशीनवर वेगळे असतात. लिनक्स ४.२० पासून (२०१८) यासाठी पी२पीडीएमए ही कर्नलची सोय आहे: बार ‘पीसीआय_पी२पीडीएमए_ॲड_रिसोर्स’ने नोंदवा, मेमरी त्यातूनच घ्या, मॅपिंग कर्नलला करू द्या.

फॉल्टचा आकडा न वाचणे

लॉगमधली फॉल्टची ओळ नुसती कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकू नका, तिच्यातला पत्ता बघा. तो रॅमच्या किंवा एखाद्या बारच्या फिजिकल पत्त्यासारखा असेल, तर मॅप न करताच तो दिला गेलाय. चार जीबीच्या अगदी खालचा असेल, तर तो बहुधा आयओएमएमयूनेच दिलेला पत्ता आहे: कर्नल पीसीआय डिव्हाइसांना सहसा तिथूनच खाली वाटत येतो. म्हणजे मॅपिंग झालं होतं, पण ट्रान्सफर संपायच्या आत कुणीतरी अनमॅप केलं, किंवा दिशा चुकीची दिली. केवळ वाचण्यासाठी मॅप केलेल्या बफरवर डिव्हाइस लिहायला गेलं तरी फॉल्ट येतो.

रस्ता आहे असं गृहीत धरणे

दोन कार्डं वेगळ्या रूट पोर्टवर (प्रोसेसरकडून निघणाऱ्या पीसीआय जोडण्यांवर) असतील, तर त्यांच्यातली वाहतूक पुढे पाठवलीच पाहिजे असं बंधन पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत नाही. काही प्रोसेसर पाठवतात, काही नाहीत. कर्नलकडे चालणाऱ्यांची यादी असते. एकाच स्विचखाली असूनही अडचण येते ती एसीएस या स्विचमधल्या सुरक्षेच्या सोयीमुळे. म्हापशाहून मडगावला जाताना पणजीत बस बदलावी लागते, तसं एसीएस प्रत्येक पॅकेट वर रूटकडे पाठवतं, आयओएमएमयूने तपासावं म्हणून. ‘एलएसपीसीआय’ कमांडच्या सविस्तर यादीत स्विचच्या पोर्टखाली एसीएस कंट्रोलची ओळ असते, तिथे रीडायरेक्टपुढे अधिक चिन्ह दिसलं की समजावं.

बूट पर्यायातून ठरावीक पोर्टांचं रीडायरेक्ट बंद करता येतं, पण मग त्या डिव्हाइसांमधला आडोसा जातो आणि ती एकाच आयओएमएमयू गटात येऊ शकतात. व्हर्च्युअल मशीन चालणाऱ्या सर्व्हरवर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत. बायोसमधून आयओएमएमयूच बंद करण्याचा सल्ला तर ऐकूच नका.

किरकोळ, पण छळणाऱ्या

‘डीएमए_मॅप_एसजी’ (विखुरलेले तुकडे एकत्र मॅप करणारं फंक्शन) दिलेल्यापेक्षा कमी नोंदी परत देऊ शकतं. हार्डवेअरला तो कमी आकडा द्यायचा, अनमॅप करताना मात्र मूळचा. डीएमए मास्क (डिव्हाइसला किती बिटांचा पत्ता झेपतो ते) न लावल्यास कर्नल डिव्हाइसला ३२ बिटांचंच समजतो. स्टॅकवरचा बफर कधीच मॅप करू नका.

चाचणीच्या मशीनवर आयओएमएमयू पासथ्रूशिवाय (पत्ते न बदलता सोडण्याची सवलत न देता) चालू ठेवा आणि कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबग लावा. एरर न तपासणं, चुकीच्या लांबीने अनमॅप करणं हे तो ड्रायव्हरचं नाव घेऊन सांगतो. ‘पीसीआय_पी२पीडीएमए_डिस्टन्स’ने ऋण आकडा दिला, म्हणजे थेट रस्ता नाही असं सांगितलं, तर ड्रायव्हरने गुपचूप रॅममार्गे जावं, तो कोड आधी लिहून ठेवा, कारण गिऱ्हाइकाच्या सर्व्हरचा मदरबोर्ड तुम्ही निवडणार नसता.