जुनी गाडी घेताना या चुका टाळा

दसरा-पाडवा जवळ आला की कोल्हापुरात जुन्या गाड्यांसाठी धावाधाव सुरू होते, आणि दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पुरातली गाडी न ओळखणं. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या.

2019 च्या दसऱ्याला माझ्या मेहुण्यानं अशीच एक पसंत केली. "डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय," असं एजंट म्हणाला. यानं लगेच टोकन दिलं आणि मग मला फोन केला. गाडी बाहेरून चकाचक, आत परफ्यूमचा वास डोक्यात जाईल इतका. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रिळातून शेवटी आलेला पट्टा मातकट होता. सीटखालच्या रुळांवर गंज. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाली वाळलेला गाळ. एजंट म्हणे, "रंकाळ्यावर पावसात काच उघडी राहिली होती." काच उघडी राहून स्टेपनीखाली गाळ साठत नाही. टोकन बुडालं, पण मी गाडी घेऊ दिली नाही. अशा गाडीचं वायरिंग आतून कुजत राहतं. आज सेंट्रल लॉक, उद्या एअरबॅगचा दिवा.

विकणारा कितीही गोड बोलू दे, मी दोनच गोष्टी बघतो. तो गाडी माझ्या मिस्त्रीकडे उद्यमनगरात न्यायला तयार आहे का, आणि टोकनआधी कागद हातात देतो का. "आमच्याच गॅरेजला दाखवा" म्हणाला की मी उठतो. पै-पाहुण्यांच्या गाडीलाही हाच नियम. त्यांना राग आला तर येऊ दे.

सकाळी जा, इंजिन थंड असताना. बॉनेट गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी परत जा. एवढाही धीर नसेल तर जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झीज बघा, सर्व्हिसची बिलं मागा.

चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेलं ई-चलन ऑनलाइन बघायला पाच मिनिटं लागतात.

निपाणी-बेळगावची केए पासिंगची, म्हणजे कर्नाटकात नोंदलेली गाडी स्वस्त दिसते. पण तिला तिकडच्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशेब मांडा.

"ट्रान्सफरचं नंतर बघू" हे तर ऐकूनच घेऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर बसून घ्या, आणि 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे त्या बोनसच्या नावाखाली भाव वाढवून देऊ नका.