'का', 'बा' आणि 'आख': इजिप्तच्या परलोकातले शब्द मराठीत आणताना

प्राचीन इजिप्तच्या धार्मिक मजकुराचं मराठी भाषांतर बहुतेक वेळा एकाच शब्दामुळे बिघडतं, तो म्हणजे आत्मा. 'का', 'बा', 'आख' या तिन्हींसाठी तोच वापरला की मूळचे तीन वेगळे विचार एकमेकांत कालवले जातात. मराठी वाचकाच्या मनातला आत्मा गीतेतला असतो: शस्त्राने तुटत नाही, अग्नीने जळत नाही. 'बा', म्हणजे पक्ष्याच्या रूपात वावरणारा मृत, तसा नाही. तो खातो, पितो, दिवसा थडग्याबाहेर पडतो आणि पुन्हा आपल्या शवापाशी येतो. मृतासोबत थडग्यात ठेवत त्या मंत्रसंग्रहातला, 'मृतांच्या पुस्तका'तला, 89वा मंत्र याच भेटीसाठी आहे. शिवाय त्याचा नाशही होऊ शकतो. पुढे इजिप्तचे लोक ख्रिस्ती झाले, तेव्हा कॉप्टिक भाषेत, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात, आत्म्यासाठी त्यांनी स्वतःचा 'बा' घेतला नाही, ग्रीकमधला 'प्सुखे' उसना घेतला. त्यांनाही तो शब्द पुरला नाही, हे भाषांतरकाराने लक्षात ठेवावं.

म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी शब्दसूची तयार करा. तीत चार रकाने हवेत: मूळ शब्द, त्याचं चिन्ह, ठरवलेला मराठी शब्द, आणि कटाक्षाने टाळायचा शब्द. चौथा रकाना सगळ्यात जास्त कामाचा. 'बा'पुढे आत्मा, 'का'पुढे प्राण, 'आख'पुढे भूत आणि मुक्तात्मा लिहून ठेवा, म्हणजे घाईत हात तिकडे वळणार नाही.

शब्द ओळखताना उच्चारावर विसंबू नका. चित्रलिपीत स्वर लिहिलेलेच नाहीत, आपले 'ए' आणि 'आ' ही अभ्यासकांची सोय आहे. चिन्ह पाहा. वर उचललेले दोन हात म्हणजे 'का'. करकोच्याच्या जातीचा पक्षी, किंवा माणसाचं डोकं असलेला पक्षी, म्हणजे 'बा'. तुऱ्याचा आयबिस पक्षी म्हणजे 'आख'. शब्दाच्या शेवटी येणारं निर्धारक चिन्हही तपासा, ते उच्चारलं जात नाही, फक्त अर्थाचा प्रकार सांगतं. 'आख' हेच अक्षरगट 'उपयोगी असणं, प्रभावी असणं' या क्रियापदासाठीही येतात, आणि तिथे मृताचा संबंध नसतो.

'का' म्हणजे माणसाबरोबरच घडवलेली जीवनशक्ती. हत्शेप्सुत या राणीच्या देइर अल-बहरी इथल्या मंदिरात ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर बाळाचा देह आणि त्याचा 'का' सोबतच घडवताना दिसतो. मरणं म्हणजे आपल्या 'का'कडे जाणं. अन्न 'का'ला दिलं जातं, आणि त्याचं अनेकवचन अन्नसामग्री या अर्थानेही येतं. प्राण म्हटलं की हा अन्नाचा धागा तुटतो. 'आख' ही जन्मतः मिळणारी गोष्ट नव्हे. विधी नीट झाले, मरणानंतरच्या न्यायात माणूस टिकला, तर मृत 'आख' होतो: तेजस्वी, सामर्थ्यवान. नातेवाईक त्याला पत्र लिहून मदत मागत. 'पितर' हा शब्द इथे जवळ जातो, पण श्राद्धपक्ष सोबत घेऊन येतो. मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा करणं बरं.

मूळ शब्द ठेवायचे तर मराठीचीच एक अडचण आहे. 'का' हा आपला प्रश्नार्थक शब्द, 'बा' ही हाक, आणि शवासाठीचा शब्द देवनागरीत 'खात' होतो. पहिले दोन कायम एकेरी अवतरणात लिहा आणि विभक्ती बाहेर जोडा: 'का'ला, 'बा'चा. तिसऱ्याचं लिप्यंतर नकोच, 'शव' पुरे. 'प्रेत'ही टाळा, त्यात भूत डोकावतं. आणि 'बा'चा पक्षी आला की आपल्या वाचकाला दहाव्याचा कावळा आठवणारच. तिथे स्पष्ट सांगा की हा पिंडाला शिवणारा पक्षी नव्हे, तो स्वतः मृतच आहे, पक्ष्याच्या रूपात.

आता थडग्याच्या शिळेवरचं नेहमीचं दानवाक्य घ्या. मधल्या राज्याच्या काळातलं (इ.स.पू. 2000च्या सुमारास) साधारण रूप असं उतरवता येईल: 'राजा देतो ते दान, ओसिरिसला, अबिडोसच्या स्वामीला, त्याने वाचेने निघणारं दान द्यावं, पाव आणि बिअर, बैल आणि पक्षी, अलाबास्टर आणि वस्त्र, ज्यावर देव जगतो अशी प्रत्येक चांगली, शुद्ध वस्तू, अमुक या सन्मानिताच्या 'का'ला, ज्याची वाणी खरी ठरली.' ओसिरिस हा मृतांचा देव, अबिडोस हे त्याचं पूजास्थान, अलाबास्टर हा भांड्यांचा दगड. इथे पावाऐवजी 'भाकरी' लिहिली तर ज्वारी-बाजरी डोळ्यांसमोर येते. त्यांचा पाव एमर या जुन्या जातीच्या गव्हाचा. 'वाचेने निघणारं' हे शब्द गाळू नका. शिळेपुढून जाणाऱ्याने वाक्य म्हटलं तरी मृताला दान पोचतं, अशी ती रचना आहे. 'नैवेद्य' किंवा 'पिंडदान' लिहिलं की उच्चाराचं हे महत्त्व हरवतं.

दानवाक्यातला शेवटचा शब्द, 'ज्याची वाणी खरी ठरली', मूळात 'मा-खेरू'. नावापुढे तो इतका ठरीव येतो की 'कै.' लिहिण्याचा मोह होतो, आणि वापराच्या दृष्टीने ते फार चुकीचं नाही. पण त्यात कैलास आहे, आणि मूळ शब्द न्यायालयातला आहे: बाजू खरी ठरलेला. मजकुरात एकदा पूर्ण रूप द्या, वंशावळीत दर नावापुढे 'सत्यवाणी' पुरे.

मृताच्या न्यायातल्या हृदय तोलण्याच्या प्रसंगात 'काळीज' नको. काळीज म्हणजे यकृतही, आणि ममी करताना यकृत काढून वेगळ्या भांड्यात ठेवत, हृदय मात्र देहातच राहू देत. 'मृतांच्या पुस्तका'च्या 30व्या मंत्रात मृत त्याच हृदयाला विनवतो: 'माझ्या आईकडून आलेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस.' तराजूच्या दुसऱ्या पारड्यात 'मात' असते. तिला 'सत्य' एवढंच म्हणणं अपुरं. वैदिक 'ऋत', म्हणजे विश्वाची सुव्यवस्था, बरंच जवळ आहे, पण 'मात' ही पिसाची देवीही आहे, म्हणून नाव तसंच ठेवा.

सगळ्यात धोकादायक जागा 'वेहेम आंख' ही. शब्दशः 'पुन्हा जगणारा', मृताचं नेहमीचं विशेषण. 'पुनर्जन्म घेतलेला' लिहिलंत की कर्म आणि योनी आपोआप आत येतात. इजिप्तच्या ग्रंथांत मृत दुसऱ्या पोटी जन्माला येत नाही. उलट 44व्या मंत्रात 'पुन्हा न मरण्या'ची मागणी येते, आणि तिथे आपल्याकडे तयार शब्द आहे: पुनर्मृत्यू. वेदांच्या ब्राह्मणग्रंथांत तो परलोकात पुन्हा येणाऱ्या मरणासाठीच वापरला आहे. असा नेमका शब्द मिळाला तर निःसंकोच घ्यावा.

परलोकातलं 'सेखेत इआरू' म्हणजे बोरूचं शेत. 'स्वर्ग' लिहू नका, कारण तिथे नांगरणी-कापणी आहे. 109व्या मंत्रात तिथलं सातू 5 हात उंच, एमर गहू 7 हात, आणि कापणारे 'आख' 9 हात. 'हात' शब्द चपखल आहे, पण त्यांचा राजहात सुमारे 52 सेंटिमीटरचा, आपला 45च्या आसपास. तळटीपेत आकडा द्या, नाहीतर साडेचार मीटरहून उंच 'आख' वाचकाच्या डोळ्यांसमोर चार मीटरचेच राहतील.