उसळलेले विमान कसे सावरावे

सेसना 172 सारख्या लहान विमानाचे उतरताना होणारे नुकसान धावपट्टीवर दिसत असले, तरी पुष्कळदा त्याचे मूळ फायनलवरच्या (धावपट्टीकडे सरळ येण्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या) जादा वेगात असते. 172एस या प्रकारात फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) पूर्ण सोडून उतरण्यासाठी 60 ते 70 नॉट (ताशी सागरी मैल) वेग सांगितला आहे. थोडा वेग हाताशी असलेला बरा, असे म्हणून 65 ऐवजी 75 नॉट ठेवल्यास विमानाची गतिज ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि जमिनीलगत हवेचा रोध घटत असल्याने विमान टेकण्याऐवजी तरंगत राहते.

अशा वेळी योक (नाक वर-खाली करण्याचे हाताचे चाक) पुढे ढकलून विमान जबरदस्तीने टेकवू नये. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवून, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेऊन, वेग ओसरेल तसतसा योक हळूहळू मागे ओढत राहावे आणि मुख्य चाके आधी टेकू द्यावीत, कारण आदळ सोसण्याचे काम त्यांचे आहे.

तरीही विमान उसळलेच, तर नाक खाली दाबण्याचा मोह होतो आणि तोच घात करतो. पुढचे चाक आधी आपटते, विमान पुन्हा वर फेकले जाते, वैमानिकाची प्रत्येक हालचाल क्षणभर उशिरा पडत असल्याने उसळ्या वाढत जातात आणि अखेर पुढचे चाक मोडून प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. उसळी हातभर असेल आणि पुढे पुरेशी धावपट्टी उरली असेल, तर नाक उतरण्याच्या स्थितीत स्थिर धरून, किंचित शक्ती देऊन पुन्हा टेकता येते. त्याहून मोठी असेल तर गो-अराउंड करावा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढावे. माझ्या मते मनात शंका येणे एवढे कारणही त्यासाठी पुरेसे आहे.

गो-अराउंडसाठी थ्रॉटल पूर्ण पुढे न्यावा, फ्लॅप 20 अंशांवर आणावेत आणि 60 नॉटवर चढावे. ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी जुळणी) उतरण्यासाठी लावलेला असल्याने पूर्ण शक्ती मिळताच नाक जोराने वर उठते व डावीकडे वळू पाहते, म्हणून योक पुढे दाबून धरावा आणि उजवा रडर (शेपटीवरचे सुकाणू, पायाने चालवायचे) द्यावा. फ्लॅप मात्र एकदम बंद करू नयेत, विमान खचते. हा सराव प्रशिक्षकासोबत पुरेशा उंचीवर आधी करून घ्यावा.

जोराची आदळ बसली असल्यास विमान सुरक्षित थांबल्यावरही नोंदवहीत तसे लिहावे आणि अभियंत्याने प्रोपेलर, पुढच्या चाकाची जोडणी व फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवू नये.