नव्या घोड्याचा चारा कसा बदलावा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथून घोडा घेऊन निघताना लोक लगाम, खोगीर आठवणीनं घेतात. चारा मात्र घरी जो असेल तो. मला विचाराल तर सौदा झाला की आधीच्या मालकाकडून आठ-दहा दिवस पुरेल इतका घोड्याच्या सवयीचा चारा आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मागून घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. याचं कारण घोड्याच्या पोटात आहे.

गवताच्या काडीतलं सेल्युलोज फोडणारा पाचकरस गाईच्या शरीरात तयार होत नाही, घोड्याच्याही नाही. दोघांचं ते काम पोटातले सूक्ष्मजीव करतात. फरक जागेचा आहे. गाईचा चारा सुरुवातीलाच, शंभर लिटरहून मोठ्या पहिल्या कप्प्यात आंबतो. रवंथ करून ती काडी पुन्हा बारीक करते आणि पुढे आलेले सूक्ष्मजीवही पचवून त्यांच्यातलं प्रथिन मिळवते. घोडा एकदाच चावतो. त्याचं जठर जेमतेम १०-१५ लिटरचं. खरं आंबवणं होतं ते लहान आतड्याच्याही पुढे, सीकम नावाच्या सुमारे मीटरभर लांबीच्या बंद पिशवीत आणि मोठ्या आतड्यात. तिथे तयार होणारी आम्लं रक्तात शोषली जातात आणि घोड्याला त्यातून ताकद मिळते. सूक्ष्मजीवांचं प्रथिन मात्र बरंचसं लिदीतून निघून जातं. ससाही मागच्या आतड्यातच आंबवतो, पण आपल्या मऊ लेंड्या खाऊन तो ते प्रथिन परत मिळवतो. घोड्याला ती सोय नाही.

हे सूक्ष्मजीव सवयीच्या चाऱ्याला सरावलेले असतात. म्हणून बदल हळू करायचा.

पहिले तीन दिवस चाऱ्यात पाव हिस्साच नवा मिसळा. चौथ्या दिवसापासून निम्मा, आठवड्यानंतर पाऊण, आणि दहा ते चौदा दिवसांनी पूर्ण नवा. वाळल्या गवतावरून हिरव्या लसूणघासावर जायचं असेल तर पूर्ण दोन आठवडे घ्याच.

चारा तोलून द्या. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो; ३५० किलोच्या घोड्याला साधारण ५ ते ७ किलो. तो दोन वेळेला ढीग घालून न देता दिवसभर थोडा थोडा द्या. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. तासन्‌तास रिकाम्या पोटी उभ्या घोड्याला जठरात व्रण होतात. स्वच्छ पाणी कायम समोर असू द्या.

चंदीचा हात आखडता ठेवा. मायेपोटी सर्वांत जास्त चूक इथेच होते. तोबरा भरून धान्य दिलं की पिष्ट लहान आतड्यात पुरतं पचत नाही, ते मागे सीकममध्ये जातं. तिथे लॅक्टिक आम्ल वाढतं, काडी फोडणारे सूक्ष्मजीव मरतात, पोटशूळ उठतो, खुरांच्या आतल्या थरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. गिळलेलं बाहेर टाकायचा मार्गच नाही. म्हणून चंदी वाढवायची तर रोज मूठभरच वाढवा, आणि दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. गाईगुरांची किंवा कोंबड्यांची पेंड घोड्याला कधीच देऊ नका. त्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. घोड्याला ते थोडंसंही जीवघेणं ठरतं.

लीद रोज पाहा. दिवसाला आठ-दहा वेळा लीद पडते. गोळे ओलसर, हलका दाब दिला की फुटणारे असावेत. लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसले तर दाढांना धार आली असेल, दात तपासून घ्या. लीद पातळ झाली तर बदल थांबवून आधीच्या मिश्रणावर परत या.

घोडा सारखा पोटाकडे वळून पाहू लागला, जमीन उकरू लागला, लोळू लागला, चारा सोडला, तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा. तोवर चारा आणि चंदी दोन्ही काढून घ्या. नळकांड्यानं तेल पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. शेवटची लीद किती वाजता पडली तेही लिहून ठेवा, डॉक्टर ते विचारतील.